दात किती गेले, की कुठले गेले?

"डॉक्टर, मागच्या चार दाढाच गेल्यात, समोरचे दात शाबूत आहेत. कवळी कशाला?" शुगर तपासायला येणारे पेशंट हे नेहमी विचारतात. मी दातांचा डॉक्टर नाही, पण याचं उत्तर शंभर वर्षं जुनं आहे आणि तुम्हालाही समजेल असं आहे.

एका जबड्यात सोळा दात. प्रत्येक दात एकतर आहे, नाहीतर नाही. हिशोब केला तर एकाच जबड्याचे 65,536 प्रकार होतात! इतके प्रकार लक्षात कोण ठेवणार? 1925 मध्ये एडवर्ड केनेडी या अमेरिकन दंतवैद्याने, काही दात असलेल्या आणि काही गेलेल्या सगळ्या जबड्यांचे फक्त चार वर्ग केले. दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेल्या तर पहिला वर्ग, एकाच बाजूच्या गेल्या तर दुसरा. फट एका बाजूला, पण तिच्या पुढे-मागे दात असतील तर तिसरा. समोरचे मधले दात गेले तर चौथा.

गंमत म्हणजे, किती दात गेले हे केनेडी विचारतच नाही. फटीच्या मागे आधाराला दात आहे का, एवढंच बघतो. आपल्याकडची धाब्याची घरं आठवा. तुळई दोन्ही भिंतींवर टेकली की निर्धास्त. एक टोक भिंतीवर आणि दुसरं ओल्या मातीवर असेल तर? पहिल्या दोन वर्गांत कवळीचं मागचं टोक असंच मऊ हिरडीवर बसतं. भाकरी चावताना ते दबतं आणि ज्या दाताला कवळी अडकवलेली असते त्याला हिसके बसतात. हिरडीखालचं हाडही हळूहळू झिजतं, कवळी सैल होते. म्हणून तुमच्या 'चारच दाढा' दंतवैद्याला समोरच्या चार दातांपेक्षा अवघड वाटतात. आता मागे इम्प्लांट बसवून तो आधार तयार करता येतो, पण त्यासाठी हाड शिल्लक हवं.

पुढे ॲपलगेट यांनी या वर्गीकरणाला नियम जोडले. त्यातला पहिलाच कामाचा: जे दात काढायचेत ते आधी काढा, मग वर्ग ठरवा. हलणारी दाढ "राहू द्या अजून" म्हणत ठेवली आणि कवळी झाल्यावर ती पडली, तर वर्गच बदलतो आणि खर्च पुन्हा!

एक गोष्ट मात्र या चार वर्गांत कुठेच नाही: उरलेल्या दातांची मुळं किती घट्ट आहेत. आपल्या खान्देशात मिश्री लावणारे कमी नाहीत, त्यात शुगर वाढलेली. कवळीचं माप द्यायला जाताना शुगरचा ताजा रिपोर्ट सोबत न्या आणि मिश्रीचंही खरं सांगा.