जिची बैठक, तिची सीट

ऐकणाऱ्या सगळ्या आक्का, ताई, मावशी आणि शाळेला निघालेल्या लेकींनो, आज आम्ही सायकलच्या सीटबद्दल बोलणार आहोत. हसू नका. नांदेड-लातूरच्या गावोगावी आज मुली सायकलवरून शाळेला जातात. एखादी मुलगी अचानक सायकल न्यायची बंद झाली, की आपण विचारतो, रस्त्यात कुणी त्रास देतं का? अभ्यास जड जातो का? पण ‘सीट टोचते का गं?’ हा प्रश्न आपल्या तोंडी येत नाही. मुलगीही सांगत नाही, कारण दुखतं ते अशा जागी की सांगायची लाज वाटते. मग सायकल भिंतीला टेकून राहते. या न विचारलेल्या प्रश्नामागं मोठा इतिहास आहे. तोच आज सांगतो.

सुरुवात घोड्यापासून करू. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथला घोड्यांचा बाजार तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिला असेल. जाणता माणूस खोगीर घेताना ते घोड्याच्या पाठीला नीट बसतं का, हे आधी बघतो. खोगीर चुकीचं असलं तर पाठ सोलते आणि घोडा चालायला नाखूश होतो. तेव्हा कुणी घोड्याला आळशी म्हणत नाही, खोगीर बदलतात. बाईच्या बाबतीत मात्र जगानं बराच काळ उलटं केलं. बसायला त्रास झाला की दोष बाईला दिला.

आपल्याकडच्या घोडेस्वार बायका पुरुषांसारख्याच दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायच्या. काष्ट्याच्या नऊवारीत ते सहज जमायचं. इंग्रज बायकांची रीत वेगळी होती. त्यांचं खोगीरच असं, की दोन्ही पाय एकाच बाजूला ठेवून बसायचं. पाय फाकून बसणं त्यांच्यात अशोभनीय मानत. 1835 मध्ये या दोन रीती समोरासमोर आल्या. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे राज्य सोडावं लागल्यामुळं तेव्हा उत्तरेत गंगेकाठी फत्तेगडला तळ देऊन होत्या. कागलच्या घाटग्यांची ही लेक तरुणपणी पट्टीची घोडेस्वार होती. फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई त्यांच्या भेटीला गेली. तिचं ते एका अंगाचं खोगीर पाहून तळावरच्या मराठा बायकांना नवल वाटलं. मग फॅनीबाई स्वतः मराठी पोशाख करून, दोन्ही बाजूंना पाय टाकून घोड्यावर बसली. तिला ते इतकं सोयीचं वाटलं, की बायकांची ही रीत इंग्लंडात मोडल्याबद्दल तिनं तिथल्या जुन्या एलिझाबेथ राणीलाच नावं ठेवली. हे सगळं तिनं पुढं 1850 मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासाच्या पुस्तकात लिहिलं. म्हणजे बसण्याच्या बाबतीत आपल्या आज्या-पणज्यांकडून शिकण्यासारखं होतं. आज मात्र आपणच सायकलच्या कॅरियरवर आणि मोटारसायकलवर एका अंगानं बसतो!

आता सायकलीकडं येऊ. दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी 1885 मध्ये बाजारात आणली. 1888 मध्ये डनलप यांनी हवेचा टायर काढला आणि बसणारे हादरे कमी झाले. सीटची कथा तर पुन्हा घोड्यापाशीच जाते. बर्मिंगहॅमचे जॉन ब्रुक्स यांचा घोड्यांच्या चामडी सामानाचा धंदा 1866 पासूनचा. त्यांची कंपनी सांगते, की त्यांचा घोडा मेला, म्हणून त्यांनी कुणाची सायकल मागून घेतली, आणि तिच्या बैठकीनं ते इतके हैराण झाले, की स्वतःच चांगली सीट करायला बसले. 1882 मध्ये त्यांनी चामड्याच्या सीटचं पेटंट घेतलं. एका पुरुषाला सीट टोचली, तर त्यानं सीट बदलली. लक्षात ठेवा हे.

दहा-पंधरा वर्षांत युरोप-अमेरिकेत बायका सायकलवर बसू लागल्या. त्यांच्या घागऱ्यांसाठी मधला दांडा खाली आणला, मागच्या चाकाला जाळी लावली. आपली लेडीज सायकल ती हीच. सीट मात्र पुरुषाच्या मापाची, लांब नाकाची. बायकांना ती पुढून दाबायची. मग डॉक्टरांत वाद पेटला. काही म्हणाले, सायकल बाईच्या प्रकृतीला घातक आहे, तिला मूल होणार नाही, तिची चाल बिघडेल. काहींनी मात्र विचारलं, की दोष सायकलीचा की सीटचा? 1890 नंतर मधे खाच किंवा भोक असलेल्या सीटा निघाल्या. ‘ख्रिस्टी’ नावाच्या अमेरिकी सीटला तर दोन वेगळ्या गाद्या होत्या, दोन हाडांखाली दोन. वजन हाडांनी पेलायचं, मधल्या नाजूक भागानं नव्हे, हे तेव्हाच कळलं होतं.

ही विद्या आपल्यापर्यंत लवकर आली नाही. आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. स्वातंत्र्यानंतर देशात सायकलींचे मोठे कारखाने उभे राहिले. 1951 मध्ये सोनीपतला ॲटलस, 1956 मध्ये लुधियान्याला हीरो. गावात आली ती उंच, काळी, मधल्या दांड्याची सायकल. तिच्यावर दूधवाला, पोस्टमन, मास्तर बसले. तिची सीट स्प्रिंगची, पण मापाला एकच. ज्या मुली शिकल्या, त्या दांड्याखालून पाय घालून, अर्ध्या पायडलवर शिकल्या. म्हणजे सीटवर न बसताच!

मग 1991 मध्ये तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात वेगळंच घडलं. तिथं साक्षरता मोहीम चालू होती. शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. अक्षरांच्या जोडीला बायकांनी सायकल शिकायची, असं ठरलं. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, नर्सबाई, अंगणवाडीच्या बाया, अशा हजारो जणी शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय, की तिथल्या काही बायका गडी माणसाचीच सायकल पसंत करत. का? तर दांड्यावर लेकराला बसवता येतं. बाईला काय सोयीचं, हे बाईला विचारल्याशिवाय कळत नाही, ते असं.

2006 मध्ये बिहार सरकारनं नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. अभ्यासकांनी पुढं मोजलं, तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं होतं. जिथं शाळा लांब, तिथं फायदा जास्त. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असलं तर, सायकल मिळते. पण आठवीची तेरा वर्षांची पोर आणि बारावीची अठरा वर्षांची मुलगी, दोघींना सायकल मिळते ती एकाच साच्याची. सायकल आली म्हणजे काम संपलं नाही. ती अंगाला बसवून घ्यावी लागते.

कशी बसवायची, तेही सांगतो. खोलीचं दार लावा. पाटावर खोक्याचा जाड पुठ्ठा ठेवा आणि त्यावर ताठ, अंगाचा भार देऊन बसा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. ती तुमची बैठकीची हाडं. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. सीटचा मागचा रुंद भाग त्याहून साधारण दोन बोटं जास्त हवा. बायकांच्या या हाडांतलं अंतर सरासरीनं पुरुषांपेक्षा जास्त असतं, म्हणून अरुंद सीट आपल्याला टोचते. ताठ बसून सायकल चालवणारीला रुंद सीट लागते, पुढं वाकून चालवणारीला थोडी अरुंद चालते.

मग उंची. कुणाला तरी सायकल धरायला सांगा. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघा किंचित वाकतो, ते बरोबर. नव्यानं शिकणारीची सीट मात्र पाय जमिनीला टेकतील इतकी खाली ठेवा, तोल सांभाळता आला की वर घ्या. त्यानंतर सीटवर शाळेची पाटी आडवी ठेवून बघा. नाक वर असेल तर पुढून दाबतं, फार खाली असेल तर अंग घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. दुकानदाराकडं पाना असतो, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि मऊ गादीला भुलू नका. फार मऊ कव्हरमध्ये हाडं रुततात आणि मधला भाग उलट जास्त दाबला जातो. आपल्याकडं निरुपयोगी भरण्याला ‘खोगीरभरती’ म्हणतात, ते उगीच नाही. सलवारीची जाड शिवण किंवा नाडीची गाठ खाली येत नाही ना, तेही बघा. पहिले चार दिवस बैठक थोडी दुखेल. पण बधिरपणा आला, कातडी सोलली, तर सहन करायचं नाही, सीट बदलायची. लघवीला जळजळ झाली किंवा सूज आली, तर नर्सबाईंना दाखवायचं.

सायकलनं मुलीचं ‘काही बिघडतं’, पुढं मूल होत नाही, ही भीती अजून काही घरांत आहे. ती सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्याच वादातली उरलेली भीती आहे. सायकल चालवल्यानं पाळीला किंवा बाळंतपणाला धोका नाही. नको त्या जागी दाबणारी सीट तेवढी वाईट, आणि ती बदलता येते.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला, की गावातल्या मुलींना सायकली घेऊन बोलवा. एक पाना, एक पुठ्ठा आणि एक टेप एवढंच लागेल. आणि प्रत्येकीला, बाकी कुणी ऐकत नसताना, विचारा, ‘सीट टोचते का गं?’