विसण

आमच्या घरी रविवार म्हणजे डोकं धुण्याचा वार. गाव खामगाव तालुक्यातलं, घाटाखालचं. अंगावरून अंघोळ रोज, डोक्यावरून मात्र आठ दिवसांनी. अंगणातल्या चुलीत पऱ्हाट्या सरकवायच्या आणि वर पितळी गुंड चढवायचा. कापूस वेचून संपला की शेतात उरते ती पऱ्हाटी. वऱ्हाडाच्या चुली तिच्यावरच चालल्या. ती भडाभडा पेटते आणि बघता बघता पाणी कढतं. मग त्यात थंड पाण्याचं विसण घालायचं. विसणाच्या बाबतीत आजीचा हात आखडता. कढत पाण्यानं डोक्यातली सर्दी निघते, हे तिचं शास्त्र. न्हाणीतल्या दगडावर मला बसवून ती शिकेकाई चोळायची आणि तांब्यामागून तांब्या ओतायची. मधे दम घ्यायला उसंत नाही, कारण पाणी निवता कामा नये.

१९६९ची दिवाळी. नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणं झालं, पाणी नेहमीपेक्षा कढत होतं. मी आठ वर्षांचा. चौथ्या-पाचव्या तांब्याला डोक्यात एक गोड गुंगी आली आणि मी म्हणालो, "आजी, आखीन टाक." त्यापुढचं मला आठवत नाही. सांगतात, की डोळे वर गेले, हातपाय ताठले, दातखीळ बसली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी पायातली वहाण. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडाला चामड्याचा वास होता. त्या दिवसापासून गावात मी 'फेफऱ्याचा पोरगा' झालो.

"पोराले पान्यापासून अन् इस्तवापासून दूर ठेवा," आजीनं फर्मान काढलं. ही समजूत तिच्या घरची नव्हे, फार जुनी. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला दहावा अध्याय अपस्माराचा आहे. अशा रोग्याला पाणी, आग, झाडं, डोंगर यांपासून जपावं, असं तिथे सांगितलं आहे. सल्ला शहाणपणाचाच: झटका आला तर माणूस बुडेल, भाजेल, पडेल. पण तोंडातोंडी येताना गोष्ट उलटी झाली आणि पाणी पाहिलं की फेफरं येतं, असं लोक धरून चालले. माझ्या बाबतीत ते अर्धं खरं होतं आणि अर्ध्या खऱ्यानंच घोळ घातला. कारण मी चोरून विहिरीत डुंबायचो, पावसात भिजायचो, आणि तेव्हा काही म्हणता काही झालं नाही. हे सांगायची सोय नव्हती. विहिरीवर गेलो म्हणून आधी मार बसला असता.

पुढच्या फाल्गुनात मला बोथ्याच्या घाटानं वर नेलं, बुलडाण्यावरून पिंपळगाव सराईला, सैलानी बाबांच्या दर्ग्यावर. वेड, भूतबाधा, मिरगी, ज्याला नाव नाही असं सगळं तिथे यायचं, आजही येतं. होळीला तिथे नारळांची होळी पेटते. रोग्याच्या अंगावरून उतरवलेले नारळ, कपडे, बाहुल्या लोक तीत टाकतात. इस्तवापासून दूर ठेवायचा पोरगा एवढ्या मोठ्या होळीसमोर उभा केला होता, ही गंमत मला मोठेपणी कळली. तिथे येणाऱ्यांना मी हसत नाही. आमच्या गावातून मेंदूचा डॉक्टर तेव्हा जितका लांब होता, त्याच्या मानानं सैलानी शेजारी होतं.

झटके चालूच राहिले, आणि फक्त रविवारी. कुणी म्हणालं, वार वाईट. मग डोकं धुण्याचा वार बदलला. झटका बुधवारी येऊ लागला.

१९८४ साली अकोल्याला एका डॉक्टरांनी आईला असा प्रश्न विचारला, जो पंधरा वर्षांत कुणी विचारला नव्हता: "पाणी कसं टाकता, दाखवा." आईनं टेबलावरचा रिकामा पेला उचलून हवेत भराभर उपडा करून दाखवला. डॉक्टर बंगळुरूला शिकलेले. म्हणाले, "तिकडं हे रोज पाहायचो."

ते खरंच तिकडचं दुखणं. गरम पाण्यानं येणाऱ्या फिटची पहिली नोंद १९४५ची, न्यूझीलंडमधल्या ॲलन यांची. पण ढिगानं रुग्ण सापडले ते कर्नाटकात. डॉ. के. एस. मणी यांनी १९६८ साली 'न्यूरॉलॉजी इंडिया'त त्यावर लिहिलं. म्हणजे माझ्या त्या दिवाळीच्या एक वर्ष आधी उत्तर छापून झालं होतं. पुढे बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकार संस्थेतल्या डॉ. सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये २७९ रुग्णांचा अभ्यास मांडला. पाणी साधारण ४० ते ५० अंशांचं, थेट डोक्यावर, तांब्यानं किंवा मगानं, भराभर. वर्णन वाचताना वाटलं, हे लोक आमच्या न्हाणीत डोकावून गेले. "आखीन टाक" सुद्धा त्यांना ठाऊक होतं: काही रुग्णांना त्या गुंगीची ओढ लागते आणि ते शुद्ध हरपेपर्यंत पाणी ओतत राहतात.

एका ठरावीक कारणानं येणाऱ्या अशा अपस्माराला रिफ्लेक्स एपिलेप्सी म्हणतात. कुणाला लुकलुकत्या उजेडानं येते, कुणाला जेवताना, क्वचित कुणाला गाण्यानं. मला प्रश्न पडे तो वेगळाच. पहिली सात-आठ वर्षं त्याच आजीचं तेच पाणी मी सोसलं, मग एकाएकी काय झालं? कॅनडातल्या ग्रॅहम गॉडर्ड यांनी १९६९मध्येच दाखवलं होतं, की उंदराच्या मेंदूला रोज अगदी क्षीण वीज दिली, तर आधी काहीच होत नाही. काही दिवसांनी तेवढ्याच विजेनं झटका येतो. याला त्यांनी किंडलिंग म्हटलं. बंगळुरूत उंदरांच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा गरम पाणी सोडून पाहिलं, तेव्हा झटका कमी तापमानालाच येऊ लागला आणि लांबू लागला. माणसाच्या बाबतीत आनुवंशिकतेचाही भाग असतो, काही घराण्यांत हे दुखणं उतरतं. पण किंडलिंग म्हणजे बारीक काटक्यांनी विस्तव धरवणं, हे शब्दकोशात पाहिलं तेव्हा मला आमची पऱ्हाटीच आठवली. दर रविवारी एक काटकी. आणि काही रुग्णांना पुढे पाण्याशिवायही झटके येऊ लागतात, म्हणून हे हसण्यावारी न्यायचं दुखणं नाही.

१९८८मध्ये माझं लग्न ठरलं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात तेव्हा अपस्माराच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांचा उल्लेख वेडाच्या शेजारी होता. तो १९९९मध्ये निघाला. मी मुलीला सगळं आधी सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मंग कोमट पान्यानं न्हाल तर?"

उपचारही जवळजवळ तेवढाच. पाणी कोमट, अंगावर आधी, डोक्यावर शेवटी आणि थोडं थोडं. ज्यांना तेवढ्यानं भागत नाही, त्यांना डॉक्टर डोकं धुण्याआधी दीड-दोन तास क्लोबाझमची गोळी देतात. मला शेवटचा झटका १९९१च्या दिवाळीत आला, तोही पाहुण्यांच्या घरी संकोचानं विसण मागितलं नाही म्हणून. न्हाणीला आतून कडी मी अजूनही लावत नाही.

तुमच्या घरात कुणाला न्हाताना झटका येत असेल, तर कांदा आणि वहाण बाजूला ठेवा, माणसाला कुशीवर वळवा. मग वहीत लिहा: पाणी किती गरम होतं, डोक्यावर होतं की अंगावर, कितव्या तांब्याला झालं. ती वही मेंदूच्या डॉक्टरांसमोर ठेवा, आणि त्यांनी विचारलं नाही तरी पाणी कसं टाकता ते करून दाखवा.