जोंधळ्याएवढं सोनं

देशावरच्या काळ्या कातळात सोनं सापडत नाही. नावाजलेल्या खाणी कोलार आणि हट्टीच्या, नथीचे बसरा मोती इराणच्या आखातातले, आणि पुतळ्यांच्या माळेचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात. मग मराठी दागिन्यांत इथला मुलूख आहे तरी कुठे? तो मालात नाही, घडणीत आणि मापात आहे, आणि त्यामागे पाण्याचा हिशेब आहे. सोलापूर-नगरकडे वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण काळी जमीन ओल धरून ठेवते. त्या ओलीवर रब्बीचा जोंधळा पिकतो. सोनारानं गळ्यात घातली ती याच कोरडवाहू रानातली रूपं: जोंधळी पोत, जवमणी, बोरमाळ. जुन्या बोरमाळेचा मणी फोडून पाहिला, तर सोनं म्हणजे नुसतं वरचं पातळ कवच असतं. पत्र्याच्या दोन वाट्या सांधायच्या आणि पोकळीत लाख भरायची. लाखेचे किडे पळस, कुसुम आणि बोर यांच्यावर पोसले जातात. म्हणजे सोन्याच्या बोराचं पोट खऱ्या बोरीच्या झाडानंही भरत असे. सोनं कमी पण दागिना ठसठशीत, ही बेताच्या उत्पन्नाच्या मुलखाची गरज होती. वजनही रानातल्या बियांनीच व्हायचं: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा.

यावर पहिला आक्षेप असा की गोल मणी जगात सगळीकडे घडतो, नुसत्या नावावरून मुलूख कसा ठरवणार? खरं आहे, एकट्या मण्यानं काही सिद्ध होत नाही. पण इथे आकारांची अख्खी उतरंड आहे आणि भरायची लाख, तोलायची गुंजही त्याच रानातली आहे. हा सगळा योगायोग मानणं कठीण. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोल्हापुरी साजातले मासा आणि कासव पंचगंगेतून आले नाहीत, ते दशावतारातले आहेत. हेही मान्य करायला हवं. दागिन्यात मासा दिसला की नदी आठवणं हा उतावीळपणा आहे. पण त्यातूनच मूळ मुद्दा पक्का होतो. मत्स्य आणि कूर्म पुराणांनी दिले. जोंधळा गळ्यात घाला असं कोणत्याही पुराणानं सांगितलेलं नाही. तो आला रोजच्या भाकरीतून.

१९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मासा-गुंज मागे पडले आणि हिशेब ग्रॅमवर आला. आज जुनी पोत मोडीत दिली तर भाव फक्त सोन्याचा मिळतो. लाख वजनातून वजा होते आणि घडण मुशीत वितळते. घरातली माळ मोडायचीच असेल, तर आधी तिच्या मण्यांचा जवळून फोटो काढा आणि ती कोणत्या गावी घडवली एवढं तरी लिहून ठेवा.