प्रतिसादी बहुवारिक कुंचले

बहुवारिकाच्या (अनेक लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन बनलेल्या महारेणूच्या) लांब शृंखला एका टोकाने एखाद्या पृष्ठभागास दाटीने जोडल्या असता कुंचल्याच्या केसांप्रमाणे उभ्या राहतात. अशा थरास बहुवारिक कुंचला म्हणतात. तापमान, विद्रावाची अम्लता, लवणांचे प्रमाण इत्यादींतील बदलांनुसार ज्याच्या शृंखला पसरतात वा मिटतात, तो प्रतिसादी कुंचला होय. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या लेपामुळे पृष्ठभागाचे गुणधर्म हवे तेव्हा पालटता येतात.

या तत्त्वाचा उपयोग त्याच्या ज्ञानापेक्षा पुष्कळ जुना आहे. प्राचीन ईजिप्तमध्ये काजळीत डिंक मिसळून शाई करीत. डिंकाचे महारेणू काजळीच्या कणांभोवती बसून त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत, त्यामुळे शाई साकळत नाही. मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या कलिलावर प्रयोग करताना जिलेटिनाचा असाच संरक्षक परिणाम नोंदविला. तथापि त्याची समाधानकारक मीमांसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाली.

शलोमो अलेक्झांडर (१९७७) आणि प्येअर-झील द जेन (१९८०) यांनी या दाटीचे गणित मांडले. चांगल्या विद्रावकात मोकळी असलेली शृंखला सैल गुंडाळीसारखी असते. तिची लांबी दुप्पट केली, तर गुंडाळीचा आकार सु. दीडपटच होतो. दाट कुंचल्यात मात्र शेजारच्या शृंखलांमुळे आडवे पसरण्यास जागा नसते. त्यामुळे शृंखला ताणल्या जातात आणि लांबी दुप्पट केल्यास थराची जाडीही दुप्पट होते. विद्रावक प्रतिकूल झाल्यास हाच थर खाली बसतो.

प्रतिसादी कुंचल्यांत पॉलि-एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलामाइड हे बहुवारिक विशेष महत्त्वाचे ठरले. एम्. हेस्किन्स व जे. ई. गिलेट यांनी १९६८ मध्ये दाखविले की, सु. ३२° से. खाली ते पाण्यात विरघळते व त्यावरील तापमानास पाण्यातून वेगळे होते. कमी तापमानास पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी शृंखलांस धरून असतात. तापविल्यावर ते सुटतात आणि शृंखला आक्रसून जलविरोधी बनतात.

हे संक्रमण मानवी शरीराच्या तापमानाच्या जवळ घडते, याचा लाभ जपानमधील तेरुओ ओकानो व त्यांचे सहकारी यांनी घेतला. प्रयोगशाळेत वाढविलेल्या कोशिका भांड्यापासून सोडविण्यासाठी प्रथिने तोडणारे एंझाइम वापरीत. त्यामुळे कोशिकांमधील बंधही तुटत व सलग थर मिळत नसे. या संशोधकांनी १९९० मध्ये भांड्याच्या तळावर वरील बहुवारिकाचा थर इलेक्ट्रॉन शलाकेने जोडल्याचे प्रसिद्ध केले. अशा तळावर ३७° से.ला कोशिका चिकटून वाढतात, भांडे सु. २०° से.पर्यंत थंड करताच थर पाणी शोषून फुगतो आणि कोशिकांचा अखंड पापुद्रा अलग होतो. थराची जाडी मात्र सु. २० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश) राखावी लागते. तो बराच जाड झाल्यास कोशिका चिकटतच नाहीत. काटेकोर अर्थाने हा थर आदर्श कुंचला नसला, तरी त्याचे कार्यतत्त्व तेच आहे. अशा रीतीने रुग्णाच्याच तोंडातील अधिस्तराच्या कोशिकांपासून पापुद्रे तयार करून ते चार रुग्णांच्या डोळ्यांच्या स्वच्छमंडलावर टाके न घालता बसविल्याचे कोजी निशिदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या रुग्णांची दृष्टी सुधारली.

खरे दाट कुंचले तयार करणे दीर्घकाळ कठीण होते. तयार शृंखला आणून जोडू लागल्यास आधी बसलेल्या शृंखला नंतरच्यांची वाट अडवितात. म्हणून पृष्ठभागावर प्रारंभक रेणू बसवून तेथूनच शृंखला वाढविण्याची पद्धत पुढे आली. १९९५ मध्ये पुढे आलेले अणू-संक्रमण मूलक बहुवारिकीकरण या पद्धतीस जोडले गेल्यामुळे शृंखलांची लांबी नियंत्रित करणे शक्य झाले.

केवळ तापमान बदलून जैव पदार्थांचे वर्णलेखनाने अलगीकरण, अम्लतेनुसार उघडझाप करणारी सूक्ष्म छिद्रे, घर्षण कमी करणारे पृष्ठभाग इ. उपयोगांवर संशोधन झाले आहे. टिकाऊपणा ही मुख्य अडचण आहे. ज्या दाटीमुळे शृंखला ताठ उभ्या राहतात, तिच्यामुळेच त्यांच्या मुळाशी ताण येतो. पाण्यात दीर्घकाळ राहिल्यास तेथील बंध तुटून शृंखला निखळू शकतात. लेपाची शक्ती व दुर्बलता अशा प्रकारे एकाच कारणातून उद्भवतात.