पाटी आणि पडदा : प्राथमिक शाळेतील साधनांचा एक इतिहास

मराठीत ‘धुळाक्षरे’ हा शब्द अजून टिकून आहे. ज्या वस्तूवरून तो आला ती मात्र आता कोठे पाहायला मिळत नाही. पंतोजींच्या शाळेत फळीवर बारीक धूळ पसरून तीत बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवले जाई. चुकले की हाताने सारखे करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून काढायचे. कागद महाग होता त्या काळात मुलाला हवे तितक्या वेळा चुकण्याची मुभा देणारे हे साधन होते. प्राथमिक शाळेतील तंत्रज्ञानाविषयी आज जी चर्चा चालते तीत धूळपाटीचे नाव निघत नाही, कारण तंत्रज्ञान म्हणजे वीज लागणारी वस्तू, असा आपला समज होऊन बसला आहे. आम्हांला या इतिहासाची सुरुवात तेथूनच करावीशी वाटते.

त्याला कारण आहे. वर्गात आलेल्या साधनावर मुलाला काही लिहिता येते, की त्याच्यासमोर नुसते बसता येते, हा प्रश्न आम्हांला या साऱ्या इतिहासात मध्यवर्ती वाटतो. पहिल्या जातीच्या साधनाला आपण पाटी म्हणू आणि दुसऱ्या जातीच्या साधनाला पडदा. पाटीवरचा मजकूर मुलाचा असतो. पडद्यावरचा दुसऱ्या कोणाचा तरी असतो. शाळेत दोन्हींना जागा आहे. मुलाने गोष्ट ऐकावी, कधी न पाहिलेला समुद्र चित्रात पाहावा, यात वावगे काहीच नाही. परंतु गेल्या पाऊणशतकाकडे पाहता असे दिसते की, पाटी म्हणून कल्पिलेली साधने वर्गात पोचेपर्यंत बहुधा पडदा होऊन जातात. हे कसे घडते, आणि त्यात मराठीचे काय होते, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

धूळपाटीचा प्रवास प्रथम पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळच्या एगमोर येथे लष्करातील अनाथ मुलांसाठी आश्रम होता. त्याचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली आणि ती रीत आपल्या आश्रमात आणली. तिला त्यांनी दुसरी एक गोष्ट जोडली : जरा पुढे गेलेल्या मुलाने मागच्या मुलाला शिकवायचे. १७९७ मध्ये त्यांनी या प्रयोगाविषयी लंडनमध्ये पुस्तिका प्रसिद्ध केली आणि ‘मद्रास पद्धती’ या नावाने ती रीत इंग्लंडमधील गरीब मुलांच्या शाळांत पसरली. म्हणजे शैक्षणिक साधनांची वाहतूक नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडेच झाली असे नाही. मात्र याच पद्धतीत पुढच्या दोन शतकांचे एक सूत्रही दिसते. एका शिक्षकात शेकडो मुले कशी शिकवता येतील, म्हणजेच शिक्षकावरचा खर्च कसा वाचेल, हा विचार तिच्या प्रसारामागे होता. नवे साधन शाळेत येते तेव्हा त्याच्या मागोमाग हा हिशेबही येतो.

आता महाराष्ट्राकडे येऊ. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले. माँटेसरी पद्धतीचा या दोघींवर खोल प्रभाव होता; पण त्या पद्धतीची तयार साधने महाग होती, आणि ज्या मुलांपर्यंत पोचायचे होते त्यांच्या जगाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तेव्हा बिया, शिंपले, पाने, काड्या, माती यांतून साधने तयार झाली. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेण्याचा, म्हणजे कुरणशाळेचा, प्रयोग झाला. बाहेरून आलेली कल्पना येथे नाकारली गेली नाही. पण ती जशीच्या तशी मांडूनही ठेवली गेली नाही. शिक्षकाच्या हातात आल्यावर साधन बदलू शकते, हे कोसबाडने दाखवले. पुढे विजेची साधने आली तेव्हा नेमका हाच धडा बाजूला पडला.

त्या साधनांत सर्वांत भव्य प्रयोग ‘साइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपग्रह दूरचित्रवाणीचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवले गेले. गावात सार्वजनिक संच आणि त्याला जाळीची मोठी तबकडी. सकाळची वेळ शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळची मोठ्यांसाठी राखलेली. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तरीही येथे त्याचा विचार करावा लागतो, कारण भाषेचा प्रश्न या प्रयोगात प्रथमच इतक्या ठळकपणे पुढे आला. राजस्थान, बिहार आणि मध्य प्रदेश या तीन राज्यांना मिळून एक हिंदी दिली गेली. उपग्रहाच्या दृष्टीने ही सोय होती. राजस्थानातल्या किंवा मिथिलेतल्या सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ती घरात न बोलली जाणारी भाषा होती. वर्गातला शिक्षक अशा वेळी अडलेला शब्द मुलाच्या बोलीत सांगतो. संचाला ते करता येत नाही.

या प्रयोगानंतर ‘इन्सॅट’ उपग्रहाच्या काळात काही राज्यांत शैक्षणिक चित्रफिती तयार करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली ती त्यांपैकीच. एका पिढीला त्या नावाबरोबर आधी तिची सुरावट आठवते आणि मग कार्यक्रम. येथे पडदा होता, परंतु तो मराठी बोलत होता, मराठी पाठ्यपुस्तकाच्या आसपास राहत होता, आणि त्यासाठी लिहिणारे लोक याच प्रदेशातले होते. मुलांसाठी श्राव्य व दृश्य मराठी कशी लिहावी, वाक्य किती लांब असावे, विज्ञानातली संज्ञा घरगुती शब्दाने कोठे बदलावी, याचा सराव अशा ठिकाणी होत असतो. तो नाटकाच्या किंवा कादंबरीच्या सरावाहून वेगळा असतो. २०१७ मध्ये राज्य शासनाने ही संस्था बंद केली. संस्था बंद होते तेव्हा इमारत आणि यंत्रे यांचा हिशेब लागतो. लिहिण्याच्या सरावाची नोंद कोणत्याच वहीत नसते.

दूरचित्रवाणी ही मुळातच पडदा होती; तिने पाटी असल्याचा दावा कधी केला नाही. संगणकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या शालेय इतिहासात आरंभापासून दोन धारा दिसतात. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या ‘प्लेटो’ या प्रणालीत यंत्र पाठ देई, प्रश्न विचारी आणि उत्तर तपासून पुढे नेई. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. तीत मूल आज्ञा लिहिते आणि पडद्यावरचे कासव त्याप्रमाणे रेघ ओढत जाते. चौकोन काढायला गेलेल्या कासवाने भलतेच काही काढले, तर आपल्या आज्ञेत काय चुकले ते शोधायचे आणि पुन्हा लिहायचे. पॅपर्ट यांनी १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात या चुकण्यालाच शिक्षणाचे केंद्र मानले आहे. धूळपाटीवर हात फिरवून पुन्हा अक्षर काढणाऱ्या मुलाशी या मुलाचे नाते जवळचे आहे, असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे संगणक आला तो बव्हंशी पहिल्या धारेने. १९८४ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘क्लास’ प्रकल्पात ‘बीबीसी मायक्रो’ संगणक आले. तो उपक्रम वरच्या वर्गांच्या शाळांपुरता होता आणि त्याची भाषा इंग्रजी होती. प्राथमिक शाळेपर्यंत संगणक आणि पाठोपाठ संकेतस्थळे येण्यास नवे शतक उजाडले. त्या वेळी मराठी मजकुराची अवस्था कशी होती हे आज विसरले जाते. एखादे मराठी संकेतस्थळ वाचायचे तर आधी त्याचा टंक उतरवून घ्यावा लागे. एका टंकातला मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की अक्षरांचा चुरा होई. असा मजकूर शोधूनही सापडत नसे. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्यापासून होती, पण ती सर्वसामान्य वापरात रुळायला बरीच वर्षे लागली. याचा परिणाम असा झाला की, मराठी शाळेतल्या मुलाने संगणकावर पहिल्यांदा लिहिले ते बहुधा स्वतःचे नाव, आणि तेही रोमन लिपीत. नवी पाटी हाती आली खरी, पण तिच्यावर धुळाक्षरे दुसऱ्याची होती.

२००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला एक आरंभीचा प्रयोग झाला. पहिली ते चौथीच्या वीस-बावीस मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लॅपटॉप आले. या यंत्राची जडणघडण पॅपर्ट यांच्या विचारातून झालेली होती. ते घरी नेता येत असे. त्यात चित्र काढता, लिहिता, आवाज व छायाचित्र टिपता येई. कल्पनेच्या पातळीवर ही आजवरची सर्वांत पाटीसदृश वस्तू. मात्र ‘शंभर डॉलरचा’ म्हणून गाजलेला हा लॅपटॉप प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट किमतीला पडला, आणि केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच ही योजना नाकारलेली होती. देशभर तो पसरला नाही. या योजनेच्या मांडणीत यंत्र आणि मूल यांचे नाते केंद्रस्थानी होते. शिक्षक त्यात कडेला उभा होता. एकशिक्षकी शाळेत तर शाळा म्हणजेच तो शिक्षक असतो.

याउलट जी दोन उदाहरणे आमच्या मते टिकाऊ ठरली, त्यांत शिक्षक किंवा शिक्षकाच्या वृत्तीचा माणूस मध्यभागी आहे. पहिले अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळाचे. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांतून भूमितीचे आकार उभे करणाऱ्या या माणसाने खेळणी कशी करावीत ते चित्रांसह आणि चित्रफितींसह मांडून ठेवले, आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके कोणालाही विनामूल्य उतरवून घेता यावीत अशी व्यवस्था केली. हे संकेतस्थळ पाहिल्यावर मुलाला पडद्यासमोर बसून राहता येत नाही. उठून काड्या शोधाव्या लागतात. दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांचे. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांना क्यूआर कोड जोडले आणि त्यांतून आपल्या मुलांसाठी ध्वनी, चित्रफिती, गोष्टी, स्वाध्याय पोचवले. २०२० मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले आणि दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या प्रयोगातली आम्हांला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, कोडामागचा मजकूर वर्गाला ओळखणाऱ्या शिक्षकाच्या हातचा होता.

पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतच असे कोड छापून येऊ लागले, आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या देशव्यापी मंचाशी ते जोडले गेले. पोच शेकडो पटींनी वाढली, यात शंका नाही. पण पान तेच, कोड तसाच आणि मागचा मजकूर मात्र सर्वांसाठी एक, अशी स्थिती आली. एका शाळेतली पाटी राज्यभर नेताना तिचा पुन्हा पडदा झाला. यात कोणाची दुष्ट बुद्धी नाही. मोठ्या संख्येला पुरवायचे तर मजकूर एकसारखा करावा लागतो, आणि एकसारखा मजकूर शिक्षकाला बदलता येईल असा ठेवणे व्यवस्थेला अवघड जाते.

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा हा सारा इतिहास काही महिन्यांत पुन्हा घडून गेला. ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता किंवा जाळे पोचत नव्हते, तेथील मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मराठी माध्यमाच्या पहिली ते आठवीसाठीची मालिका दाखवली गेली. बालचित्रवाणी बंद होऊन तीन वर्षेच झाली होती. दूरचित्रवाणी जुनी झाली म्हणून आपण तिचा शालेय वापर मोडीत काढला होता, आणि अडचणीच्या वेळी ती जुनी वाटच मोकळी सापडली. त्याच महिन्यांत कित्येक शिक्षकांनी वस्तीवर जाऊन, झाडाखाली, ओसरीवर, मंदिराच्या पारावर मुले गोळा करून शिकवले. कुरणशाळेची आठवण येथे अपरिहार्य आहे.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हे सारे मांडण्याचे कारण आता सांगितले पाहिजे. मराठी मूल आयुष्यात जे मराठी सर्वप्रथम आणि सर्वांत जास्त वाचते-ऐकते, ते पाठ्यपुस्तकातले, शैक्षणिक चित्रफितीतले आणि आता संकेतस्थळांवरचे असते. त्या मराठीला शैली आहे, परंपरा आहे, बऱ्या-वाईटाचे निकष लावता येतील इतका तिचा पसारा आहे. आपण कवितासंग्रहाच्या तिसऱ्या आवृत्तीतील पाठभेदावर लेख लिहितो. पण सहा वर्षांच्या मुलाला बेरीज समजावणाऱ्या चित्रफितीतले मराठी कोणत्या घरातले आहे, त्यात कोणत्या बोलीला हसू येते आणि कोणती बोली ऐकूच येत नाही, हे पाहणे आपल्याला समीक्षेचे काम वाटलेले नाही. बालचित्रवाणीच्या संहितांवर आधी काम झाले असते, तर ती बंद होताना काय हरवते आहे हे निदान नेमके सांगता आले असते.

म्हणून अध्यापक मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी एखाद्या प्राथमिक शाळेत नवा पडदा लागलेला दिसला, तर त्यावर काय दिसते हे जरूर पाहावे. पण त्या मुलांना त्यावर मराठीत काय लिहिता येते, आणि लिहिलेले चुकले तर पुसून पुन्हा लिहिता येते का, हेही विचारून घ्यावे.