भिंतीला बांधलेला लॅपटॉप

डेस्कटॉपची जागा घेणारा लॅपटॉप आता येतोच आहे, ही बातमी चाळीसहून अधिक वर्षं जुनी आहे. दर जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात ती नव्याने जाहीर होते. त्याआधी महिना-दोन महिने जाणकारांची कुजबुज चालू असते. प्रोसेसर कुठला, रॅम किती, पडदा सोळा इंची की अठरा? ज्याला घ्यायचाय त्याने खरेदी थांबवलेली असते. जुना लॅपटॉप कुरकुरतोय, चालता चालता तापतोय, पण काढू अजून चार महिने. हे थांबणंही या यंत्राइतकंच जुनं आहे, आणि या घराण्याचा मूळपुरुष त्यापायीच बुडाला असं सांगतात.

हा मूळपुरुष म्हणजे ॲडम ऑस्बर्न. जन्म १९३९चा, बँकॉकमधला, पण लहानपण गेलं तमिळनाडूत. वडील आर्थर ऑस्बर्न रमण महर्षींचे भक्त, तिरुवन्नामलैला स्थायिक झालेले. मुलगा पुढे इंग्लंडला गेला, तिथून अमेरिकेत, केमिकल इंजिनियर झाला आणि शेवटी संगणकावरची सोपी पुस्तकं लिहिण्या-छापण्यात रमला. पुस्तकांचा धंदा विकून त्याने संगणक काढायचं ठरवलं आणि आराखड्याचं काम ली फेल्सेनस्टाइन या अभियंत्याकडे सोपवलं. एप्रिल १९८१मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेळ्यात ‘ऑस्बर्न १’ लोकांपुढे आला. वजन ११ किलो, किंमत १,७९५ डॉलर.

दिसायला तो झाकण लावलेल्या शिलाई मशीनच्या पेटीसारखा होता. वर मूठ, बाजूला कड्या. कड्या काढून पेटी आडवी ठेवली की झाकण सुटून यायचं, आणि त्या झाकणाच्या पोटातच कीबोर्ड असायचा. समोर दोन बाजूंना दोन फ्लॉपी ड्राइव्ह, त्यांच्या खाली फ्लॉपी खोचायचे कप्पे, आणि मधोमध पाच इंचांचा पडदा. एका ओळीत अक्षरं मावायची ५२. मजकूर त्याहून रुंद असेल तर कळ दाबून पडदा डावी-उजवीकडे सरकवायचा, म्हणजे ओळीचं उरलेलं शेपूट दिसायचं. पत्र लिहिणारा माणूस आपलंच पत्र खिडकीच्या फटीतून वाचत बसायचा. तरीही तो तडाखेबंद खपला. ऐन भरात महिन्याला १०,००० नग गेले. कारण सोबत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचीच वेगळी किंमत दीड हजार डॉलरच्या घरात होती, म्हणजे यंत्र जवळपास फुकटात पदरात पडत होतं.

त्याच्या अंगात बॅटरी नव्हती. विमानात सीटखाली मावेल असा तो मुद्दाम केला होता, पण विमानात बसून चालवायचा नव्हता. मुक्कामी पोचायचं, प्लग शोधायचा, मग कामाला बसायचं. हलवता येणारा संगणक जन्मला तो असा, एका टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायचं यंत्र म्हणून. बॅटरी मागाहून आली. मांडी तर त्याहून उशिरा.

१९८३च्या सुरुवातीला ऑस्बर्नने पुढच्या मॉडेलची, ‘एक्झिक्युटिव्ह’ची, वाच्यता केली. पडदा सात इंची होणार होता. मग दुकानदारांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या, गिऱ्हाइकांनी खिशातले हात काढले नाहीत, गोदामं तुंबली, आणि सप्टेंबर १९८३मध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं. नवा माल हाती नसताना त्याचा डंका पिटून स्वतःचाच चालू माल मारण्याला अमेरिकी व्यापारात अजूनही ऑस्बर्नच्याच नावाने ओळखतात. ही कथा मला अर्धीच खरी वाटते. तोवर केप्रोने नऊ इंची पडद्याचं तसलंच यंत्र आसपासच्या किमतीत बाजारात आणलं होतं आणि आयबीएमच्या संगणकाशी जुळणारी यंत्रं दारात उभी होती. ऑस्बर्नचं यंत्र त्या जमान्याशी जुळत नव्हतं. गिऱ्हाईक नव्या ऑस्बर्नची वाट बघत होतं हे खरं असेलही, पण वाट बघताना शेजारच्या दुकानात डोकावायला त्याला कोणी मनाई केली नव्हती. ऑस्बर्न पुढे भारतात परतला आणि २००३मध्ये कोडाईकनालला वारला.

शेजारचं दुकान कॉम्पॅकचं. रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो या तिघांनी ह्यूस्टनमधल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर यंत्राचं चित्र काढून घेतलं अशी त्याची जन्मकथा आहे. १९८२च्या नोव्हेंबरात जाहीर झालेला ‘कॉम्पॅक पोर्टेबल’ ऑस्बर्नहूनही जड, साडेबारा किलोंचा. पण आयबीएम पीसीवर चालणारे प्रोग्रॅम त्यावर चालत, आणि पहिल्या वर्षात ५३,००० नग विकले गेले. ऑफिसातल्या डेस्कटॉपवर जे होतं तेच घरी नेता येतं, हे वचन पहिल्यांदा पाळलं गेलं ते इथे. यालाही बॅटरी नव्हती.

गंमत म्हणजे आज आपण ज्याला लॅपटॉपचा घाट म्हणतो, पडदा मिटून कीबोर्डवर पालथा पडणारा, तोही याच सुमाराला आला. १९८२चा ‘ग्रिड कंपास’, बिल मॉग्रिजच्या हातचा. मॅग्नेशियमचं अंग, पाच किलोंच्या आत वजन, ८,१५० डॉलर किंमत. तो अमेरिकेच्या स्पेस शटलमधून अंतराळात गेला, पण जमिनीवर त्यालाही प्लग लागायचाच. १९८६च्या तोशिबा टी३१००चीही तीच गत. नारिंगी उजेडाचा सुरेख प्लाझ्मा पडदा, १० मेगाबाइटची हार्ड डिस्क, आणि वायर कायम भिंतीत. पडदाच एवढी वीज खायचा की बॅटरी लावून काही साधलं नसतं.

याच्या उलट टोकाला ॲपलने १९८९मध्ये ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ काढला. गाडीत असते त्या जातीची, शिशाची बॅटरी घातली. तासन्‌तास चालायचा हे खरं, पण वजन सात किलोंच्या वर गेलं आणि किंमत साडेसहा हजार डॉलरच्या घरात. तो पडला. दोन वर्षांनी आलेल्या पॉवरबुकने कीबोर्ड मागे सरकवून हात टेकायला जागा केली, १९९२च्या थिंकपॅडने रंगीत पडदा आणि कीबोर्डमध्ये बाण हलवायचं लाल टिंब दिलं, आणि लॅपटॉपचं घराणं तिथे दुभंगलं. एक शाखा हलकी होत गेली. दुसरी टेबलाशी इमान राखून राहिली. ‘डेस्कटॉप रिप्लेसमेंट’ म्हणतात ती ही दुसरी.

तिचा खरा बहर २००३च्या आसपासचा. सतरा इंची पडदे आले, आणि काही कंपन्यांनी सरळ डेस्कटॉपचाच पेंटियम ४ लॅपटॉपमध्ये बसवला. ३.०६ गिगाहर्ट्झचा तो प्रोसेसर सुमारे ८२ वॅट उष्णता ओकायचा. त्याच वर्षी मार्चमध्ये इंटेलच्याच हैफा इथल्या चमूने लॅपटॉपसाठी वेगळा घडवलेला पेंटियम एम आला, तो भागवायचा साडेचोवीस वॅटवर, आणि कामात फारसा मागे नसायचा. म्हणजे एकाच कंपनीच्या एका हाताने डेस्कटॉप लॅपटॉपात कोंबला जात होता, आणि दुसरा हात तो कोंबायची गरजच संपवत होता.

महाराष्ट्रात हे यंत्र नेमकं भारनियमनाच्या काळात पोचलं. तोवर बरा संगणक म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला पीसी आणि त्याच्या पायाशी यूपीएस. वीज गेली की यूपीएस पीं-पीं करत दहा-पंधरा मिनिटं द्यायचा, तेवढ्यात सगळं सेव्ह करून बंद करायचं. लॅपटॉप निदान तासभर तग धरायचा. डीटीपीवाल्याला, हिशेब लिहिणाऱ्याला, प्रोजेक्टच्या आदल्या रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याला त्या तासाचं मोल होतं. लॅपटॉप टेबलावरून वर्षभर हलत नसे ही गोष्ट वेगळी. खाली दोन निळ्या पंख्यांचं कूलिंग पॅड असायचं, आणि वर्षभराने जाळीत धूळ साठली की उन्हाळ्यात तो आपोआप बंद पडायला लागायचा.

पण नव्याची वाट बघण्याचा कळस झाला तो न आलेल्या लॅपटॉपपायी. जून २००३मध्ये स्टीव्ह जॉब्सने ‘पॉवर मॅक जी५’ दाखवला आणि वर्षभरात त्याचा वेग ३ गिगाहर्ट्झवर नेऊ असा शब्द दिला. लोकांनी लगेच पुढचा हिशेब केला. डेस्कटॉप आला म्हणजे पाठोपाठ जी५चा पॉवरबुक येणार. नुकताच जानेवारीत ॲपलने एक इंच जाडीचा सतरा इंची पॉवरबुक काढलाही होता, फक्त आत जुना जी४ होता. तेव्हा पुढच्या मंगळवारी येतोय, असं दर आठवड्याला कोणीतरी सांगायचं, आणि त्या मंगळवाराची एव्हाना चेष्टा सुरू झाली होती. ज्याची वाट बघत होते त्याचं मूळ यंत्र जरा नीट पाहिलं असतं तरी पुरे होतं. त्या ॲल्युमिनियमच्या खोक्यात नऊ पंखे होते. वर्षभराने वेग अडीचवर नेला तेव्हा आत पाणी खेळवावं लागलं. एवढी आग इंचभर जाडीच्या डब्यात कोण कोंडणार? २००५च्या सुरुवातीला ॲपलच्या टिम कुकने कबूल केलं की यातलं उष्णतेचं दुखणं भलतंच मोठं आहे. जूनमध्ये जॉब्सने जाहीर केलं की ॲपल इंटेलकडे वळतंय, आणि कारण दिलं वॅटमागे मिळणाऱ्या कामाचं. एका लॅपटॉपात एक चिप मावेना म्हणून अख्ख्या कंपनीने आपल्या संगणकांचा गाभा बदलला. अडीच वर्षं थांबलेल्यांपुढे जानेवारी २००६मध्ये मॅकबुक प्रो आला. त्यात जी५ नव्हताच.

उरलेल्यांनी तोवर आकार वाढवून बघितला. डेलचा २००६चा ‘एक्सपीएस एम२०१०’ वीस इंची पडद्याचा, आठ किलोंच्या वर, त्याचा कीबोर्ड सुटून यायचा, म्हणजे फिरून ऑस्बर्नच. एसरचा २०१७चा ‘प्रिडेटर २१एक्स’ तर ८.८ किलोंचा, वाकड्या पडद्याचा, पाच पंखे आणि दोन चार्जर लागणारा, ८,९९९ डॉलरचा. ही यंत्रं विकायला कमी आणि दाखवायला जास्त होती. प्रामाणिक काम तैवानच्या क्लेव्होने केलं. त्यांचे सांगाडे जगभरच्या छोट्या कंपन्या आपापला शिक्का मारून विकत. त्यांपैकी थोरल्या सांगाड्यांत डेस्कटॉपचा प्रोसेसर खऱ्या सॉकेटमध्ये बसायचा, म्हणजे स्क्रू काढून बदलता यायचा. २०२१च्या सुमारास ती वाट जवळपास बंद पडली. पुढच्या वर्षी इंटेलने डेस्कटॉपचाच गाभा लॅपटॉपच्या बोर्डावर डाग देऊन पक्का बसवायची ‘एचएक्स’ मालिका काढली. दम आला, बदलायची सोय गेली. फ्रेमवर्क नावाची लहान कंपनी सोळा इंची लॅपटॉपात ग्राफिक्सचा भाग मागून उपसून नवा बसवायची सोय देते, पण त्या वाटेवर ती एकटीच.

आता सगळं घोडं ग्राफिक्स कार्डापाशी येऊन अडतं, आणि थांबणाऱ्याने इथे डोळे उघडे ठेवावेत. २०१६मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या कार्डाच्या नावामागचं ‘एम’ काढून टाकलं, आणि ते रास्त होतं. लॅपटॉपातल्या जीटीएक्स १०८०मध्ये डेस्कटॉपएवढेच, २,५६० कोअर होते. या घराण्याच्या सगळ्या इतिहासात डेस्कटॉप आणि त्याचा बदली इतके जवळ क्वचितच आले. डेस्कटॉपचं ते कार्ड १८० वॅटचं होतं, म्हणून ते जमलं. पुढे डेस्कटॉपची भूक सुटली. जानेवारी २०२५मध्ये आलेलं आरटीएक्स ५०९० डेस्कटॉपवर ५७५ वॅट खातं आणि त्यात २१,७६० कोअर आहेत. त्याच नावाचं लॅपटॉपचं कार्ड १०,४९६ कोअरचं, जास्तीत जास्त १७५ वॅटवर चालणारं. चिपसुद्धा ती नव्हे, एक पायरी खालची. तरी खोक्यावरचा आकडा तोच. याला मी तरी चलाखी म्हणतो. पूर्वी निदान ‘एम’ होतं.

बॅटरीची मर्यादा तर विमानप्रवासाच्या नियमांनीच आखून दिली आहे. १०० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवासात न्यायला वेगळी परवानगी लागते, म्हणून मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपमध्ये ती ९९च्या आसपास येऊन थांबते. प्रोसेसर आणि कार्ड मिळून २०० वॅट ओढायला लागले तर ती अर्धा तास पुरेल, आणि मुळात बॅटरीवर असताना यंत्र आपला वेग आपणच कापतं. जोर हवा असेल तर प्लग लावा.

लास व्हेगासला जानेवारीत दाखवलेली मोठी यंत्रं साधारण मार्चमध्ये अमेरिकेत विक्रीला येतात, आपल्याकडे त्याही मागाहून. मधल्या काळात कोणाचा भाचा किंवा मेहुणी तिकडून येणार असली की निरोप जातो. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्यूटीशिवाय आणता येतो, त्याचा हा घरगुती उपयोग. वॉरंटी इथे चालेल का, हे आणण्यापूर्वी विचारावं. आणि माहितीपत्रकात कार्डाचं नाव वाचून थांबू नये, खालच्या बारीक अक्षरांत त्याला किती वॅट दिलेत ते शोधावं. एकाच नावाचं कार्ड एका डब्यात १०० वॅटवर चालतं, दुसऱ्यात १७५वर, आणि किंमत सांगताना दोघांचेही आवाज सारखेच चढलेले असतात. वजनाचंही तसंच. अठरा इंची यंत्रापुढे साडेतीन किलो लिहिलेलं असतं, त्यात चार्जर धरलेला नसतो. तो ३३० ते ४०० वॅटचा असतो, किलोभराच्या आसपास भरतो, आणि घरी विसरला तर साडेतीन किलोंचा काही उपयोग नाही.