क्विंटलच्या पोत्यानं लिहिलेली कंबर

म्हातारपण आलं की कंबर धरणारच, असं आपल्याकडे जणू ठरूनच गेलं आहे. मला ते पुरतं पटत नाही. मी नवी मुंबईत फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीतल्या पुरुषांत निवृत्त माथाडी, म्हणजे बाजारात ओझी वाहणारे हमाल, पुष्कळ. माझे वडीलही मुंबईच्या दाणाबंदर बाजारातले माथाडीच. या माणसांच्या दुखण्यामागे मुंबईच्या घाऊक बाजाराचा इतिहास आहे.

सातारा जिल्ह्यातल्या पाटण, जावळीच्या डोंगराळ गावांत शेतीवर पोट भरत नसे. पोरगं हाताशी आलं की मुंबईला गाववाल्यांच्या गाळ्यात वळकटी टाकायचं आणि मशीद बंदर, दाणाबंदर, भात बाजारातल्या एखाद्या टोळीत शिरायचं. साखरेचं, तांदळाचं पोतं १०० किलोंचं. दोघांनी आकड्या लावून ते उचलायचं, तिसऱ्यानं वाकून पाठीवर घ्यायचं आणि फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, नाहीतर गोदामात थप्पी लावायची. जितकी पोती तितकी मजुरी. त्यामुळे कमरेत चमक भरली तरी बसून राहणं परवडत नसे. ना रजा, ना फंड, ना दवाखाना. आपला मालक व्यापारी, ट्रकवाला की मुकादम, हेच कुणी सांगू शकत नसे.

पाटण तालुक्यातल्याच अण्णासाहेब पाटलांनी या टोळ्यांची संघटना बांधली. तिच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. कामगारांची कायद्यानं नेमलेल्या माथाडी मंडळात नोंद होऊ लागली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि व्यापाऱ्यांकडून वर घेतलेल्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी सुरू झालं. घामाला हिशेब आला, पण पाठीवरचं ओझं तेवढंच राहिलं. एका माणसानं ५५ किलोंहून जास्त वजन वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्येच केली होती. तरी पोतं ५० किलोंवर आणा, ही मागणी आपल्या हमाल संघटनांना पुढे कितीतरी वर्षं लावून धरावी लागली. घाऊक बाजार नवी मुंबईत वाशीला हलला, तेव्हा क्विंटलचं पोतंही सोबत गेलं. आज धान्याची पोती बहुतेक ५० किलोंची येतात. माझ्या रुग्णांची उमेदीची वर्षं त्याआधीच सरली होती.

त्यांतले बहुतेक जण ‘कंबर गेली’ एवढंच सांगतात. तपासलं की प्रकार वेगळे निघतात. कुणाच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या असतात. कुणाचा नसांचा मार्ग अरुंद झालेला असतो: चार पावलं चाललं की पाय भरून येतात, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. कुणाचा खुब्याचा सांधा झिजलेला असतो. दुखणं जांघेत असतं आणि उकिडवं बसता येत नाही. खुब्याची झीज जड ओझी वाहणाऱ्यांत आणि शेतकऱ्यांत जास्त आढळते. वय, वजन, घराण्यातला वारसा यांचाही वाटा असतोच. पण केसपेपरवर वय न चुकता लिहिलं जातं आणि धंद्याच्या रकान्यात नुसतं ‘निवृत्त’ असतं.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरांकडे नेताना त्यानं कितव्या वर्षापासून, काय, किती उचललं, ते आधी सांगा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला, ताप किंवा वजनात घट दिसली, किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं, तर एक दिवसही थांबू नका. बाकीच्या दुखण्यावरही ‘वयच झालं’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका.